लाँचरची साक्ष

प्रिय धाकट्या,

विकत घेतलेली वस्तू वापरण्याआधी जिला रोज दुकानदाराची परवानगी मागावी लागते, अशी एक मोठी जमात आज जगात आहे, आणि तू-मी दोघं त्या जमातीतले आहोत. आपल्यावर अन्याय झाला आहे, हे मी पहिल्याच ओळीत मान्य करते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ताईने बाजू बदलली असं तुला वाटू नये, म्हणून. तू हौसेने कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळाचा डबा घरी आणलास, उघडलास, आणि आत चकतीच नव्हती. आकड्यांची एक चिठ्ठी होती. ते आकडे टाकण्याआधी कंपनीचं लाँचर, म्हणजे खेळ उघडून देणारं सॉफ्टवेअर, घ्या, त्याला नाव सांगा, जन्मतारीख सांगा, मग ते ठरवणार तुम्हाला आत सोडायचं की नाही. नेट गेलं की खेळ बंद. दिवसभर लोकांच्या घरात नेटची वायर ओढणारा तू. नेट किती वेळा जातं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? शिवाय एका खेळाला एकच नाव. पूर्वी चकती शेजारी देता यायची, मला देता यायची. आता घरातल्या घरात मला खेळायचं तर तुझं नाव लावून खेळावं लागतं. तू कामावर गेलास की मी तुझ्या नावाने खेळातल्या पुलांवरून उड्या मारते आणि दर वेळी खड्ड्यात पडते. तू म्हणायचास, ताई, माझी अब्रू घालवतेस तू, लोकांना वाटतं मी पायाने खेळतो.

हे सगळं मी तुमच्या खेळणाऱ्यांच्या क्लबात खुर्चीवर उभी राहून बोलले होते, आठवतं ना? टायरच्या दुकानावरचा तो हॉल, जमिनीवर पसरलेल्या केबली, रबराचा वास. वर्षाची स्पर्धा जुन्या, चकतीवरच्या खेळावर घ्यायची की लाँचरवाल्या नव्या खेळावर, यावरून तुमच्यात दोन तट पडलेले. तुम्ही चकतीवाले, आणि लाँचर मानणारे ते दुकानवाले. तू मला मुद्दाम बोलावलंस, कारण डेपोच्या गेटवर मी युनियनतर्फे बोलते तेव्हा बसवाले इंजिन बंद करून ऐकतात. मी तिथे म्हटलं होतं की आपल्या हातात एकच हत्यार आहे, आणि ते म्हणजे नकार. घेऊ नका. सगळ्यांनी मिळून एक वर्ष घेऊ नका, कंपनी दारात उभी राहील. टाळ्या पडल्या. पण जिना उतरताना तू पुटपुटलास, हे फारच सपक झालं, ताई. तेव्हाच मी थांबून तुझ्याकडे नीट बघायला हवं होतं. मी घाईत होते, डेपोत मीटिंग होती.

आणि मास्तरांचं म्हणणंही मी त्या दिवशी ऐकलं. मुलांना गणित शिकवणारा, दुकानवाल्यांचा पुढारी, बारका, चिडखोर, हजरजबाबी माणूस. ते म्हणाले, ताई, तुमचं भाषण झकास, पण चकतीवर ओरखडा पडला की तुमचं स्वातंत्र्य कचऱ्यात. ते म्हणाले, लाँचर आल्यापासून फसवून खेळणारे पकडले जातात, आणि ज्याला घराबाहेर पडता येत नाही असा माझा एक विद्यार्थी अंथरुणातून तुमच्याबरोबर खेळतो, त्याला तुमच्या केबलीच्या जंजाळात कुठे बसवू? वादात समोरच्याचा मुद्दा खरा निघाला की मला आनंद होतो, कारण मग आपलाही मुद्दा घासून घ्यावा लागतो. तुझ्या चेहऱ्यावर मात्र रक्त चढलेलं. त्याच बैठकीत तू माऊस उचलून भिंतीवर फेकलास, तो एकाच्या कपाळाला लागून गेला, आणि क्लबाने तुला बैठकांना यायला बंदी केली.

तुला चकतीचं इतकं का वाटतं, ते क्लबात कोणाला ठाऊक नाही. मला आहे. बाबा लिफ्ट दुरुस्त करून घरी यायचे, आणि तू अभ्यास सोडून स्क्रीनसमोर दिसलास की आधी कानाखाली आणि मग पट्टा. एकदा तुझा कान कित्येक दिवस वाजत होता, तू वर्गात बाई काय म्हणतात ते शेजारच्या मुलाच्या वहीत बघायचास. मी मध्ये पडले की मलाही प्रसाद. आई दाराच्या फटीत पदर धरून उभी. दुसऱ्या दिवशी बाबा काही न बोलता तुझ्या उशाशी एक नवी चकती ठेवायचे. मी मारलं, चुकलं, असे शब्द त्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत. चकती आली की मिटलं. तुझ्या त्या कपाटात ज्या चकत्या तू फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेस, त्यांतल्या प्रत्येक चकतीमागचा वळ मी पाहिला आहे. म्हणून कंपनीने चकती काढून घेतली तेव्हा तुझ्याकडून नुसता खेळ गेला नाही, हे मी समजू शकते. समजू शकते म्हणजे माफ करते असं नव्हे.

आता इकडची बातमी. मास्तरांचा जबडा तारांनी बांधला आहे. नळीने पातळ पाजतात. डावीकडचे दात गेले, आणि डावा कान कायमचा गेला, असं डॉक्टर म्हणतात. मॉनिटरच्या लोखंडी स्टँडने मारलेलं. पहिला घाव कानावर, दुसरा जबड्यावर, तिसरा ते खाली पडल्यावर बरगडीत. तिसरा कशासाठी होता रे? पडलेल्या माणसाने तिसरा घाव घालण्यासारखं काय केलं होतं? मी त्यांना भेटायला गेले. बोलता येत नाही म्हणून पाटीवर लिहितात. त्यांनी लिहिलं, तुमचा भाऊ येऊन गेला, फार भला मुलगा, मी त्याला उगाच टोचून बोलायचो. आणि खाटेजवळच्या स्टुलावर बोट दाखवलं. तिथे कोऱ्या, महागातल्या हेडफोनचा डबा होता. तू आणलेला. ज्याचा एक कान गेला त्याला हेडफोन! बाजूची नर्स तोंड फिरवून हसली, तिला वाटलं भेट देणारा बावळट असेल. मला हसू आलं नाही. कारण असली भेट मी फार ओळखते. उशाशी ठेवलेली असायची ती.

तरीही मी स्वतःची समजूत घातली. तो तर हॉलवर गेलाच नव्हता, बंदी होती त्याला. मारामारीच्या त्या संध्याकाळी तू मला म्हणालास, गाडीचा ब्रेक दाखवून येतो, आणि गेलास. मी तुझ्या जागेवर बसून खेळत राहिले. परतलास तेव्हा उजवा हात सुजलेला, हेल्मेटची काच फुटलेली. म्हणालास, गाडी घसरली. मी हळद लावू का म्हटलं, तर बाथरूममध्ये शिरलास आणि बादलीत शर्ट भिजवलास. स्वतःचा शर्ट स्वतः भिजवणारा तू कधीचा झालास, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमी कळली, आणि दोन दिवसांत तू मामाकडे, तिकडे नेटच्या जोडणीचं काम निघालंय म्हणून. फोन केला की मामी सांगते, तो गच्चीवर आहे, तो आंघोळीला गेलाय, तो झोपलाय.

काल ड्रायव्हरची बायको माझ्याकडे आली. आपल्याच डेपोचा ड्रायव्हर, तुमच्या क्लबातला, चकतीवाला. तो मास्तरांना सगळ्यांदेखत म्हणाला होता, तुमचं डोकं फोडीन एक दिवस. त्याच्या तोंडाला कधीच ब्रेक नव्हता, गाडीचा मात्र उत्तम. पोलिसांनी त्यालाच उचलला. काळं हेल्मेट घातलेल्या माणसाने मारलं, असं सगळे सांगतात, आणि काळं हेल्मेट न काढताच क्लबात आपल्या जागेवर जाऊन बसायची सवय त्याची. त्याच्या शर्टावर रक्त सापडलं. अरे, सापडणारच, मास्तरांना पाठीवर घेऊन जिना उतरला तो! बाकीचे वीस-पंचवीस जण एकमेकांच्या गचांड्या धरून लोळत होते, खुर्च्या उडत होत्या, कोणाचा अंगठा दारात चिरडला, आणि हा एकटा रक्तबंबाळ माणसाला खाली नेत होता. चौकीत त्याच्या पायांच्या तळव्यांवर मारलं आहे. बायको म्हणाली, ताई, ते भिंतीला धरून उभे राहतात, मला बघून म्हणाले, क्लच दाबता येईल का गं मला परत? मी इतकी वर्षं लाठ्या पाहिल्या, खाल्ल्या, त्यांवर बोलले. ते वाक्य ऐकून मी उठले आणि तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

मग तिने मला त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं, नवऱ्याकडून ऐकलेलं. मी तिला विचारलं, भांडण पेटलं कशावरून? ती म्हणाली, तुमच्या भावावरूनच की. आणि म्हणून तर त्याच्यावर कोणाचा संशय नाही. मास्तर बोलायला उभे राहिले, फोन काढला, आणि सगळ्यांना लाँचरवर तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका, म्हणजे तू आत्ता खेळतोयस याची खूण, आणि तुझा चालू खेळ दाखवला. म्हणाले, बघा, बहिष्काराचे सेनापती! आपल्याला सांगतात लाँचर जाळा, आणि स्वतः आत्ता घरी बसून त्याच लाँचरवर खेळतायत. आणि खेळतायत कसे, तर एकाच खड्ड्यात सारखे पडतायत! कोणीतरी ओरडलं, अहो सेनापतींना शिडी द्या! सगळा हॉल लोळला. चकतीवालेसुद्धा. आणि हसणं चालू असतानाच मागच्या दारातून हेल्मेटवाला आत शिरला.

धाकट्या, त्या खड्ड्यात मी पडत होते.

मागच्या जिन्यावर तू उभा होतास. बंदी मोडून बोलायला आला होतास, मला वाटतं भाषण पाठ करून आला होतास, कारण आदल्या दिवशी तू माझ्याकडून एक-दोन शब्द विचारून घेतले होतेस. आत तुझी माणसं तुझ्यावर हसत होती, तू न केलेल्या गोष्टीसाठी. हेल्मेटची काच वर करून एवढंच म्हणायचं होतं, मास्तर, मी इथे आहे, तिकडे माझी बहीण पडतेय. हॉल दुप्पट हसला असता, पण मास्तरांवर! तुझा सगळा मुद्दा एका वाक्यात सिद्ध झाला असता. हे लाँचर तुमचं नाव, तुमची जन्मतारीख, तुमची प्रत्येक मिनिटाची हालचाल जाणतं म्हणे, आणि खुर्चीवर बसलेलं माणूस कोण ते त्याला कळत नाही. याहून मोठी फजिती त्या कंपनीची कोणी केली असती? जिंकलेली लढाई होती ती. तू तोंड उघडण्याऐवजी हात उचललास आणि ती हरलास. मी उठावांचे इतिहास ढिगाने वाचले आहेत. ज्यांच्याकडे शब्द असतात आणि तरी जे लोखंड उचलतात, त्यांची बाजू खरी असली तरी लोक पुढे त्यांच्या बाजूचं नाव घ्यायलाही घाबरतात. आज तुमच्या क्लबाला कुलूप आहे, आणि गावभर सगळे म्हणतात, खेळवेडे आहेत, खुनशी आहेत, बरं झालं कंपनीने यांना दावणीला बांधलं.

तू पोलिसांना काय सांगितलंस तेही कळलं. तू म्हणालास, मी घरी खेळत होतो, लाँचरला विचारा. आणि क्लबातल्या सगळ्यांनी, ज्यांना तू वर्षभर सांगत होतास की या यंत्रावर विश्वास ठेवू नका, त्यांनी शपथेवर सांगितलं, हो, आम्ही हिरवा ठिपका पाहिला. ज्याला तू चोर म्हणत होतास त्यालाच तू साक्षीदार केलंस. आणि तो खोटा साक्षीदार आहे हे जगात दोनच माणसांना माहीत आहे.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. आज सकाळी चौकीतून साहेबांचा निरोप आला. ड्रायव्हरला कोर्टात उभं करण्याआधी बाकीच्यांची नावं बाजूला काढायची आहेत, तर उद्या येऊन एका कागदावर सही करा, की तुमचा भाऊ त्या संध्याकाळी घरात, तुमच्या डोळ्यांसमोर खेळत होता. मी जाणार आहे. सही करणार नाही. तुझ्या नावाने मी खेळत होते, हे सांगणार आहे. लहानपणी पट्ट्याच्या मध्ये पडले, कारण तू निरपराध होतास. आज पट्टा दुसऱ्याच्या पाठीवर पडतोय. पण माझ्या तोंडून हे बाहेर पडण्याआधी तुझ्या तोंडून पडावं, यासाठी माझा जीव तुटतो आहे. बहिणीने पकडून दिलेला आणि स्वतःच्या पायांनी चालत आलेला, या दोन माणसांना उरलेलं आयुष्य वेगवेगळं जगावं लागतं. हे पत्र आपल्या डेपोचा कंडक्टर हातोहात आणून देईल. त्याची गाडी तिथून फिरेपर्यंत तो खाली थांबणार आहे. त्याला पत्रात काय आहे ते माहीत नाही. मामीला काही समजावत बसू नकोस, वकील शोधत बसू नकोस, ते मी बघते, आणि मास्तरांसाठी काहीही विकत घेऊ नकोस. चपला घाल, त्या गाडीत बस, आणि उतरलास की घरी न येता सरळ चौकीत जाऊन सांग: मास्तरांना मी मारलं, ड्रायव्हरला सोडा.

उद्या चौकीच्या दारात उभी असणारी,
तुझीच
ताई