पाण्याचा ताण

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय उज्वला,

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रेडिएशन संपत आलं, डॉक्टर खूश आहेत. तुझ्या भावाकडं जेवणाची चंगळ आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर घरभर ऐकतात, म्हणून हे कागदावर लिहितोय.

लघवी अजून आवरत नाही. खोकलो तरी गळते. म्हणून मी पाणीच तोडलं होतं, आपण बागेला ताण देतो तसं. जळजळ उलट वाढली. काल सिस्टरनं पकडलं. म्हणाली, "काका, तुम्ही काय द्राक्षाचा वेल आहात? पाणी प्या आणि घड्याळ लावून जाऊन या." आता पितोय. आवळून धरायचा व्यायामही करतोय. सुधारेल म्हणते, पण वेळ लागेल.

आपल्या पूजाचं लग्न मात्र तोंडावर आलंय. परवा फोनवर तू म्हणालीस, "कन्यादानाला तिच्या काकाला बसवू," तेव्हा तुझा आवाज चिरकला. कान माझे शाबूत आहेत गं. पॅड लावून मीच बसणार. मी तुझा पदर ओढला, की मोठ्यानं म्हण, "अहो, मला पाणी आणा." त्या निमित्तानं मी जाऊन येईन.

लोक म्हणतील, बायकोचा गुलाम. म्हणू देत. खोटं थोडंच आहे?

पाणी पिऊन बसलेला,
तुझा रंगनाथ