सक्ती नाही म्हणे

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आज माझ्यावर अन्याय झाला, तोही खडूनं. दिवाळीला भिंतीवर मारलेल्या पिस्ता कलरवर गावच्या आशा सेविका ज्योत्स्नाताईंनी फुली काढली. शेजारपाजारी सगळीकडं ‘पी’ (डोस पूर्ण), फुली आमच्या एकट्याच घराला. म्हणजे या घरात डोस राहिलेलं मूल आहे. आमची राजनंदिनी चौदा महिन्यांची. तिच्या लशी मी मुद्दाम रोखून धरल्यात, गोवरचीही; अभ्यास चालू आहे. ओल्या फडक्यानं फुली पुसली. खडू राहिला, रंग गेला.

५ नोव्हेंबर
अभ्यास: व्हिडिओ तीन, पैकी दीड पाहिला. मत तेवढ्यात बनलं. पळसदेवात माझ्या दूध केंद्रावर रोज पन्नासेक माणसं येतात. दुधाचं फॅट लावता लावता त्यांनाही जागं करणार. संकल्प: सक्तीच्या लसीकरणाविरुद्ध तहसीलदारांना निवेदन. खाली सही, ‘एक जबाबदार बाप’.

६ नोव्हेंबर
ज्योत्स्नाताई केंद्रावरच आल्या. कुठल्या कायद्यानं सक्ती करता, विचारलं. म्हणाल्या, “सक्ती न्हाय दादा, इनंती हाय. मंगळवारी पोरीला उपकेंद्रात आणा.” मोठीच अडचण. सक्तीच नाही, तर विरोध कशाला करू? निवेदनाचे साडेतीन परिच्छेद वाया.

११ नोव्हेंबर, मंगळवार
उपकेंद्रात जाणं जमलं नाही. जनावरांचे डॉक्टर आले होते, लाळ-खुरकूतच्या लशीला, तेही चार दिवस उशिरा! खडसावलं, गाईला काही झालं तर जबाबदार कोण? दोन्ही गाई टोचून घेतल्या, नोंद बघूनच डॉक्टरांना सोडलं. संध्याकाळी ज्योत्स्नाताई रस्त्यावरूनच ओरडल्या, “गाईच्या कानात बिल्ला, पोरीचं कार्ड कोरं! बांधा की तिला बी गोठ्यात.” स्वरूपा हसली. बायकोनं अशा वेळी हसू नये. गाईंचा विषय वेगळा आहे.

१९ नोव्हेंबर
राजनंदिनीला ताप, नाक गळतंय. हवा बदललीय. स्वरूपा शेतात, म्हणून पोरगी केंद्रावर माझ्यापाशी. द्वारकाबाईंनी दूध घातलं आणि कडेवरचा नातू, सात महिन्यांचा अविराज, राजनंदिनीशेजारी बसवला. दोघांनी एकच खुळखुळा आळीपाळीनं चोखला. फोटो काढला. स्टेटस: ‘निसर्ग हीच लस’.

२२ नोव्हेंबर
अंगभर पुरळ. मी उष्णता म्हणालो, इंदापूरचे डॉक्टर गोवर म्हणाले. येताना गाडीवर स्वरूपा पोरीशीच बोलत होती. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

३० नोव्हेंबर
पोरगी खडखडीत. म्हणजे अभ्यास बरोबर होता. ज्योत्स्नाताईंना तसं ऐकवलं. त्यांनी एवढंच विचारलं, “ताप असताना कुणाची लेकरं जवळ आलती?” आठवत नाही म्हणालो.
आठवत होतं.

३ डिसेंबर
द्वारकाबाई दूध घालायला आल्या नाहीत. अविराजला ताप. मी ज्योत्स्नाताईंनाच धारेवर धरलं, त्याला लस का नाही दिली? म्हणाल्या, “नऊ महिने झाल्याबिगर देत न्हाईत, दादा. तवर आजूबाजूची पोरं टोचलेली असली की त्ये वाचतं. व्हिडिओत न्हवतं व्हय ह्ये?”
राहिलेला दीड व्हिडिओ बघितला. नव्हतं.

७ डिसेंबर
अविराजला बारामतीला हलवलं. गोवरातून न्यूमोनिया. ऑक्सिजन लावलाय. संकल्प: काहीतरी करणे. काय ते सुचत नाही. सकाळी दोघांचं फॅट चुकीचं लावलं. कुणी भांडलंही नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
स्वरूपा पोरीला घेऊन उपकेंद्रात गेली. राहिलेले डोस सुरू करून आली. मला विचारलं नाही.

१० डिसेंबर, दुपार
बारामतीला जाऊन आलो. वॉर्डाबाहेर द्वारकाबाई भिंतीला टेकून बसलेल्या. काय बोलायचं ते एसटीत दोनदा पाठ केलं होतं. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, “सोपाना, तुझी पोर बरी हाय न्हवं आता?” बरी आहे म्हणालो. पुढचं पाठ केलेलं तसंच राहिलं. काचेतून बाळ दिसत होतं. ऑक्सिजनची नळी अजून नाकालाच होती.
राजनंदिनी तापात होती तेव्हा त्यांनी मऊ भाताचा डबा धाडला होता. तो आमच्याकडंच राहिलेला. रिकामा डबा परत करू नये म्हणून भाकरी आणि पिठलं भरून नेला होता. त्यांच्या पिशवीशेजारी ठेवला.
एसटीला अजून वेळ होता. तिथंच खाली बसलो.