छावणीतली सुरी

भाद्रपद शु. ११, सोमवार
हिचा उजवा हात मोडला. सकाळी हौदाच्या पायरीवर शेवाळात पाय घसरला आणि सगळा भार मनगटावर आला. हाडवैद्याने बांबूच्या कांब्या लावून बांधलं. दिवाळीपर्यंत विळीजवळ जायचं नाही म्हणाला. ही म्हणाली, "कोणत्या सालची दिवाळी?" वैद्य हसला नाही.

आज एकादशी, म्हणून दूध-केळ्यांवर निभावलं. शेजारच्या गोदूकाकू उद्यापासून ताट पाठवते म्हणाल्या. हिने नको सांगितलं. आमच्या घरची चूल अजून विझलेली नाही, असं वर ऐकवलं. मग चूल कोण पेटवणार? मी म्हटलं, मी. अकरा वर्षं पथकाबरोबर कारकुनी केली, मुक्कामाला हाताने रांधून खाल्लं. वैशाखात हिवताप घेऊन घरी आलो तेव्हापासून आयता पाटावर बसतो आहे. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.
ज्वर नाही.

भाद्रपद शु. १२, मंगळवार
विळीवर बसायला गेलो. उजवा गुडघा वाकत नाही, हेच विसरलो होतो. पाय लांब करून बसलो तर विळी दाबायला पाय नाही, आणि गवार चिरायच्या आधी विळीच माझ्याकडे सरकायला लागली. ही दारात उभी. सगळं पाहत होती.

उठून खोगिराच्या पिशवीतली सुरी काढली. कासीम शिकलगाराने छावणीत मोडक्या तलवारीच्या पात्याची करून दिलेली. पातं वीतभर, पाठ जाड, मूठ सांबरशिंगाची. तंबूच्या दोऱ्या, ऊस, दातवण, ओलं सरपण, सगळं तिने कापलं आहे.

हिने विचारलं, मांस कापलंय का? नाही, शपथेवर नाही. मग विचारलं,
"रक्त?"
"लागलंय. माझंच."
मग सांगावं लागलं. गुडघ्यात गोळी होती. जखम बघणारा जर्राह दोन मुक्काम मागे राहिला होता, म्हणून मीच उघडून काढली. घरी पत्रात घोडा घसरला, बाकी सर्व क्षेम असं लिहिलं होतं.
ही म्हणाली, "पत्रात सर्व क्षेम होतं."
वरणभात झाला. गवार तशीच राहिली. ज्वर नाही.

भाद्रपद शु. १३, बुधवार
मी हौदावर गेलो तेवढ्यात हिने सुरी शुद्ध केली. डाव्या हाताने चिंच-राखेने घासली, गंगोदक शिंपडलं, इथवर ठीक. मग चुलीच्या निखाऱ्यात खुपसून लाल केली. अग्नीसारखं शुद्ध काही नाही म्हणे. मी आलो तेव्हा पातं निळंजांभळं पडलेलं. पोलादाचं पाणी उतरलं. गवारीवर धरली तर शेंग चिरायच्या ऐवजी चेपते. ओरडणार होतो. पण ती इतकी समाधानाने बसली होती की गप्प बसलो.

मुठीवरून मात्र वाद झाला. शिंग स्वयंपाकघरात चालणार नाही म्हणाली. मी म्हटलं, मृगाजिनावर बसून संध्या चालते, मग सांबराच्या शिंगाने काय घोडं मारलंय?
"मृगाजिन भाजीत फिरत नाही."
शेवटी जुन्या रेशमी सोवळ्याची चिंधी मुठीला गुंडाळायची ठरली. एका हाताने तिला गाठ मारता येईना. दाताने ओढली तर उष्टी. गाठ मी मारली.

भाद्रपद शु. १५, शुक्रवार
कासीमभाईकडे गेलो. आता शनिवार पेठेच्या टोकाला त्याचं दुकान आहे. त्याने सुरी उलटसुलट पाहिली, रेशमी चिंधी पाहिली, आणि निखाऱ्याची हकीकत ऐकून बराच वेळ हसला. म्हणाला, "पंत, हिला सोवळं नेसवलंत तिथवर समजलं. चितेवर कशाला चढवलंत?"

पुन्हा पाणी देतो म्हणाला. पण एक विचारलं. स्वयंपाकघरात वापरायची तर धार मागपर्यंत घासून पातं पातळ करायला हवं. एकदा पातळ केलं की छावणीतलं काम तिच्याने होणार नाही, ओल्या लाकडावर मोडेल. "आणि घासलेलं पोलाद मी परत लावू शकत नाही. काय ते ठरवून सांगा."
मी म्हटलं, सध्या जाडच राहू दे. म्हणालो तेव्हा फार विचार केला नव्हता. घरी येईपर्यंत केला.

भाद्रपद व. २, रविवार
सुरी परत आली, धार चांगली आहे. काम मात्र वेगळंच पडतं. विळीवर हात पुढे जातो, इथे पातं खाली येतं. पाटावर फळी ठेवून चिरतो. काकडीचे काप उडून देव्हाऱ्यापर्यंत जातात. पात्याची पाठ जाड, त्यामुळे कारलं चिरलं जात नाही, फुटतं.
ही म्हणाली, "हे काप आहेत की तंबूच्या खुंट्या?"

दुपारी लिंबू चिरून सुरी तशीच ठेवली. पात्यावर काळे डाग आले आणि कोशिंबिरीला लोखंडाची चव. तिने खाल्ली. नंतर म्हणाली, रक्त वाढतं म्हणतात अशाने. आंबट चिरलं की लगेच धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवायचं. हे मला छावणीत माहीत होतं. घरी विसरलो.
नारळ मात्र पाठीच्या एका टोल्यात दोन भकलं. तेव्हा तिने भुवया उचलल्या. ज्वर नाही.

भाद्रपद व. ५, बुधवार
उद्या वडिलांचं श्राद्ध. छावणीत पळसाच्या पानावर पिंड ठेवून उरकायचो, घरी करतो आहे ते अकरा वर्षांनी. भाज्यांची यादी केली. तांबडा भोपळा म्हटल्यावर ही उठून आत गेली. मला वाटलं हात दुखतो.

संध्याकाळी गोदूकाकू अंगणात भेटल्या. भोपळा आणतो आहे म्हटलं तर म्हणाल्या, "आणा हो. अकरा वर्षांत तुमच्या घरात भोपळा आला नाही." अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव पुरुषाचा लागतो. बाई घालत नाही. काकूंनी पुष्कळदा सांगितलं होतं, आमच्याकडच्यांना पाठवते, घाव घालून जातील. ही दर वेळी म्हणायची, दुसऱ्याच्या नवऱ्याला हाक मारून भोपळा फोडायचा नाही. चिरलेली फोड दिली तर तीही घ्यायची नाही.
हिला भोपळ्याच्या घाऱ्या किती आवडतात ते मला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सारख्या करायची. मी विसरलो होतो, असं नाही. आठवायचं कारणच पडलं नव्हतं. लाज वाटली.

भाद्रपद व. ६, गुरुवार
वाड्यापुढच्या बाजारातून भोपळा आणला, चांगला घागरीएवढा. पहाटे आंघोळ करून फळीवर ठेवला. ही मोडका हात पोटाशी धरून समोर बसली. सुरी देठाजवळ टेकवली, पाठीवर लाकडाचा ठोका दिला. सरळ उभी चीर पडली. जाड पाठीमुळे दोन्ही भकलं आपोआप बाजूला झाली. विळीवर याला घटकाभर झटावं लागलं असतं.

हिने डाव्या हाताने गर खरवडून बिया काढल्या. एकही टाकली नाही. राखेत घोळवून सुपात वाळत घातल्या.
श्राद्धाच्या क्षणाला बसलेल्या भटजींना कोणी तरी सुरीचं सांगितलंच होतं. पानावर बसून म्हणाले, "पंत, आमच्यावर मोहीम नाही ना काढलीत?" दोन वेळा भाजी मागून घेतली. उरलेल्या भोपळ्याच्या मी घाऱ्या केल्या, ही चुलीशी बसून सांगत गेली. गूळ जास्त झाला. चार खाल्ल्या तिने.

भाद्रपद व. ७, शुक्रवार
परवाचं आणि कालचं वाचलं. दोन्ही दिवस ज्वर नाही हे लिहायचं राहिलं. नव्हता.

भाद्रपद व. १२, बुधवार
पथकाचा जासूद निरोप घेऊन आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कूच. पहिला मुक्काम खडकीपलीकडे. माझ्या बदली माणूस घेतलेला नाही, जागा ठेवली आहे. येणार की नाही ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारायला येईल, लेखी उत्तर तयार ठेवायचं.
हिला सांगितलं. ही डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. म्हणाली, जायचं असेल तर आठ दिवस आधी सांगा, मेतकूट दळायला बाई बघावी लागेल. एवढंच.
मला वाटलं होतं, नको म्हणेल. म्हणाली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. पण म्हणाली नाही याचा राग आला.

भाद्रपद व. १३, गुरुवार
राग पोटात राहिला नाही. पडवळ चिरता चिरता विचारलंच, मी गेलो काय आणि राहिलो काय, तुला सारखंच का?
मग म्हणाली,
"पहिल्यांदा निघालात तेव्हा मी नका जाऊ म्हटलं होतं. ते एकदाच म्हणायचं असतं."
मला ते आठवतं. दारात उभी होती, हातात ओवाळणीचं तबक. मी दसऱ्यापर्यंत येतो म्हणालो. कोणता दसरा, ते तिने तेव्हा विचारलं नाही.
पडवळ जाड चिरलं गेलं. तिने टोमणा मारला नाही.

भाद्रपद अमावास्या, शनिवार
सारखं छावणीचं आठवतं. पहाटेचा नौबतीचा आवाज, घोड्यांच्या अंगाची ऊब, सगळ्यांच्या चुली एकदम पेटायच्या ते. तिथे मी कामाचा माणूस होतो. माझ्या लेखणीवाचून कोणाचं पान हलत नसे, निदान मला तसं वाटायचं. इथे मी आजारी म्हणून आलेला पाहुणा. गेल्या पंधरा दिवसांत मात्र पाहुण्यासारखं वाटलेलं नाही. हेही लिहून ठेवतो.

आश्विन शु. ३, मंगळवार
हाडवैद्याने कांब्या सोडून हात पाहिला, पुन्हा बांधला. हाड बसतंय. बोटं हलवून दाखव म्हणाला, तिने हलवली. करंगळी हलेना. तो म्हणाला, हलेल. किंवा नाही हलणार. विळी चालवता येईल का विचारलं तर म्हणाला, दिवाळीनंतर बघू. हिचा चेहरा उतरला. येताना रस्त्यात माझ्या पुढे चालत होती, तशी कधी चालत नाही.

दुपारी सुरी घेऊन कासीमभाईकडे गेलो. पातळ करून टाक म्हणणार होतो. उंबऱ्यापर्यंत गेलो. आत तो पथकातल्याच कोणाच्या तलवारीला धार लावत होता, ठिणग्या उडत होत्या. ते बघत उभा राहिलो आणि तसाच परत आलो. म्हणजे मी अजून जायचं म्हणतोय, असं मनाशी कबूल केलं. घरी हिने सुरीकडे पाहिलं, पात्यावरून नजर फिरवली. जाड आहे तशीच आहे, हे तिला कळलं. काय समजायचं ते ती समजली असणार.

आश्विन शु. ९, सोमवार
खंडेनवमी. तलवार काढून घासली, कलमदान ठेवलं, विळी ठेवली. विळीला हळदकुंकू तिने डाव्या हाताने वाहिलं नाही, मला लावायला सांगितलं. सुरी तलवारीशेजारी ठेवायला गेलो. तिने थांबवलं. पूजेत ठेवली की उद्यापर्यंत हात लावता यायचा नाही, आणि आज भाजी चिरायची आहे, म्हणाली. सुरीला बाहेरच कुंकवाचं बोट लावलं आणि मी भेंडी चिरायला बसलो. भेंडी आता बऱ्यापैकी एकसारखी येते.
मेतकुटाचं मी अजून सांगितलेलं नाही. तिनेही विचारलं नाही. आठ दिवस कधीच उलटले.

आश्विन शु. १०, मंगळवार
दसरा. सीमोल्लंघनाला नदीपर्यंत गेलो, सोनं घेऊन आलो. पथकातले पुष्कळ भेटले. उद्या खडकीला भेटू म्हणाले. मी हसलो.

घरी आलो तर ओवाळायला ही दारात. तबक उजव्या हातातच, कांब्यांवर तोललेलं, डावा हात खालून टेकू दिलेला. निरांजन हलत होतं. मीही खालून हात लावला तर म्हणाली, ओवाळून घेणाऱ्याने तबक धरायचं नसतं. ओवाळलं. सांडलं काही नाही.

आत गेलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन भोपळे. अख्खे. गोदूकाकूंना सांगून बाजारातून आणवलेले. एक शिंक्यात, एक खाली राखेवर बसवलेला. मी म्हटलं, उद्या तर काही नाही, दोन कशाला?
"टिकतात. माघापर्यंत सहज."
ती चुलीकडे वळली होती. पाठमोरीच म्हणाली,
"आणि ती सुरी पातळ करायला नेऊ नका. भोपळ्याला जाडच लागते."

संध्याकाळ झाली. कागद पुढे घेतला आहे. जासूद सकाळी येईल. मायना लिहिला, पथकप्रमुखांचे सगळे किताब लिहिले, खाली विनंती विशेष म्हणून थांबलो आहे. ही आत सुपातल्या बिया चिंध्यांत बांधते आहे, आषाढात लावायला. एक गाठ सुटली असावी. अहो, जरा येता का, म्हणते आहे. लेखणी ठेवतो.
ज्वर नाही.