पासष्टीपुढच्या बायकांना परत पाठवण्याआधी एक प्रश्न विचारावा म्हणून

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, आंबेसडा,
ता. जि. रत्नागिरी.

अर्जदार : श्रीमती रहिमा सुलेमान मुकादम, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, मु. तिवरबंदर.

विषय : कर्करोग तपासणी शिबिरातून वयामुळे परत पाठवलेल्या कै. गुणवंती शिवा भाटकर यांच्याबाबत, तसेच पुढील शिबिराच्या नोंदणीत बदल करण्याबाबत.

संदर्भ : माझा ऑक्टोबरमधील अर्ज व त्यास आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर.

महोदया,

आपण या केंद्रात गेल्याच महिन्यात रुजू झालात. आधीचे साहेब बदलून गेले, त्यामुळे माझ्या पहिल्या अर्जाची हकीकत आपणांस माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून ती पुन्हा सुरुवातीपासून मांडत आहे. अर्ज लांबला आहे याची मला जाणीव आहे. तरी तो शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

कै. गुणवंती भाटकर या माझ्या शेजारी राहत. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा आहे, तोही मध्ये पडलेला. त्यांचे पती श्री. शिवा भाटकर होडीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होते आणि माझे पती कुवेतला. दोघींच्याही घरात वर्षाचे बरेच महिने पुरुष माणूस नसे. माझी ड्युटी असली की माझी मुले तिच्याकडे जेवत, ती मासळी घेऊन बाजारात गेली की तिची मुले माझ्या अंगणवाडीत बसत. माझ्यापेक्षा ती पाचसहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला गुणवंतीताय म्हणत असे. या अर्जात यापुढे मी तिच्याबद्दल एकेरीतच लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. अहो-जाहो लिहायला घेतले की ती दुसरीच कोणी बाई वाटू लागते.

गेल्या वर्षी जानेवारीत मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेने आपल्या केंद्राच्या मदतीने आंबेसड्याच्या शाळेत स्तनाच्या व तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिर भरवले. रिक्षावरून पुकारत आले होते. 'महिलांसाठी महिला डॉक्टर' असे त्यात होते. ते ऐकून गुणवंतीताय गडग्यापाशी आली आणि मला म्हणाली, "रहिमा, तिथं बाई डाक्टर हाय ना नक्की?" मी म्हटले, हो. तिने आणखी एकदा विचारले. मग म्हणाली, "तू जाशील तर मी पण येतंय."

मला त्याचे नवल वाटले. ही बाई तापातसुद्धा दवाखान्यात जायची नाही. काढा करून घ्यायची आणि पाटी उचलायची. त्या दिवशी मात्र ती बाजारात गेली नाही. अंगाला मासळीचा वास येऊ नये म्हणून दोनदा साबण लावून आंघोळ केली आणि गणपतीपुळ्याला जाताना नेसायची ती हिरवी साडी नेसली. मी चेष्टा केली तेव्हा म्हणाली, "डाक्टरीणबाईंनी हात लावायचा, त्यांना किळस नको यायला."

शाळेच्या व्हरांड्यात टेबल होते. तेथे एक तरुण कम्प्युटर घेऊन बसला होता. माझे वय तेव्हा चौसष्ट होते, माझे नाव लिहिले गेले. गुणवंतीतायला त्याने वय विचारले. तिने सत्तर सांगितले. तो म्हणाला, "आजी, तुमचं होणार नाही. पासष्टपर्यंतच आहे." मी म्हटले, "भाऊ, लांबून आलोय, बघा ना जमलं तर." त्यावर तो म्हणाला, "मावशी, माझ्या हातात काही नाही. सत्तर टाकलं की हे पुढे जातच नाही." त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलीसुद्धा. तो मुलगा उद्धट नव्हता, हे मी येथे मुद्दाम नमूद करते. त्याने तिला बसायला बाक दाखवला, पाणी आणून दिले. "तुम्ही आता आराम करायचा आजी," असेही म्हणाला.

मी आत गेले तेव्हा ती माझी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. मी बाहेर आले तेव्हाही तशीच होती. डॉक्टरीणबाई आतच होत्या, मध्ये फक्त एक पडदा होता. मी तिला विचारले, "तुला काय दाखवायचं होतं काय गो ताय?" तिने मान हलवली. "काय नाय. तुझं बरं निघालं ना? मग झालं."

परतीच्या वाटेत ती खूश होती. इतकी हलकी झालेली मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. एस.टी.त खिडकीपाशी बसून ती मला बंदरावरच्या बायकांच्या नकला करून दाखवत होती. मला वाटले, दवाखान्याची भीती टळली म्हणून असेल. त्या दिवशी ती इतकी का हसत होती हे मला नंतर कळले, आणि ते सांगण्यासाठीच हा अर्ज आहे.

उन्हाळ्यात तिने बाजार बंद केला. उकाडा सोसवत नाही म्हणाली. मग माझ्याकडे येणे बंद केले. मी गेले तर पडवीत लांब बसायची. मे महिन्यात एका दुपारी ती विहिरीवर घागर उचलायला वाकली आणि मला तिच्या पोलक्याची डावी बाजू ओली दिसली. ते पाणी नव्हते. मी तिला घरात नेले, दार लावले आणि पोलके सोडायला लावले. तिने जुन्या धोतराच्या घड्या करून छातीवर बांधल्या होत्या. आत जे होते त्याचे वर्णन मी आपल्यासारख्या डॉक्टर व्यक्तीला करण्याची गरज नाही. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वास येतो ना? म्हणून लांब बसत होते."

दुसऱ्या दिवशी मी तिला रत्नागिरीत मोठ्या दवाखान्यात नेले. तिचा मुलगा सर्वेश तेव्हा राजापूरला कामाला होता, तो तिकडून आला. तपासण्या झाल्या. आजार छातीतून हाडांपर्यंत गेला होता. तेथील डॉक्टरांनी तिला विचारले, गाठ केव्हापासून होती? ती म्हणाली, "शिबिराच्या आधी दिवाळीला हाताला लागली." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. सर्वेश उठून बाहेर गेला.

मी तिला तेथेच विचारले, "ताय, तू शिबिरात बोलली का नाहीस? मी विचारलं होतं ना तुला." तिने जे सांगितले ते मी तिच्या शब्दांत देते. "दाखवायलाच आले होते मी. पण तो म्हणाला, पासष्टपर्यंतच. मला वाटलं, त्याच्यापुढं हा आजार होत नसेल. होत असता तर म्हाताऱ्यांना असं परत कशाला पाठवलं असतं? मी म्हटलं, सुटले. साधी गाठ असेल, जिरून जाईल."

महोदया, एस.टी.त ती हसत होती ती यामुळे.

त्या डॉक्टरांना मी रागाने काही बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला समजावून सांगितले. वयाची मर्यादा घालण्यामागे कारणे असतात. ज्यांना काहीच त्रास नाही अशा फार वयस्कर माणसांच्या सरसकट तपासण्या केल्या तर कधी कधी फायद्यापेक्षा त्यांना त्रासच जास्त होतो. पण हे ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यापुरते झाले. ज्या बाईच्या हाताला गाठ लागली आहे तिला वयाची अट नाही, ती नव्वदीची असली तरी तिने दाखवायचेच. वय वाढते तसा हा आजार होण्याचा संभव कमी होत नाही, वाढतो. हे सर्व मला पटले. फक्त हे टेबलापाशी गुणवंतीतायला कोणी सांगितले नाही आणि तिला ते आपणहून कळण्याचा काही मार्ग नव्हता.

नंतरचे थोडक्यात लिहिते. औषधांनी दुखणे कमी झाले, पण आजार थांबला नाही. ड्रेसिंग करायला मी शिकले. सर्वेशची बायको ऋतिका बाळंत होऊन माहेरी होती, त्यामुळे ते काम माझ्याकडेच आले. पहिल्या दिवशी गुणवंतीताय म्हणाली, "नाकाला पदर लाव गो." मी लावला नाही. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या तेव्हा तिला पडवीत आणून बसवले होते. कोणाची होडी कोणती हे ती नुसत्या इंजिनच्या आवाजावरून शिवादादांना सांगत होती. त्यानंतर ती पडवीपर्यंत आली नाही. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आदल्या दिवशी तिने मला विचारले होते, "रहिमा, त्या पोराला ओरडली नाहीस ना? त्याचं काय चुकलं नाय." मी नाही म्हटले.

ऑक्टोबरमध्ये मी आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला. उत्तर आले त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, मी मयताची नातेवाईक नसल्याने मला अर्ज करता येत नाही. यावर माझे म्हणणे असे की तिच्या अंगावरची जखम धुताना मला कोणी नाते विचारले नाही. दुसरी, शिबिर ठरलेल्या वयोमर्यादेनुसार पार पडले. हे मला मान्य आहे. तिसरी, 'सदर व्यक्तीने शिबिरस्थळी कोणतीही तक्रार नोंदविल्याचे आढळून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' हेही खरे आहे. पण त्रास काय आहे हा प्रश्न नाव नोंदवल्यानंतर विचारत होते आणि वय पाहून जिला परत पाठवले तिचे नावच नोंदवले गेले नव्हते. तिने तक्रार कोठे नोंदवायला हवी होती, हे कार्यालयाने कळवले असते तर बरे झाले असते.

मला कोणावर कारवाई नको आहे. मला कसली भरपाईही नको. येत्या उन्हाळ्यात पुन्हा शिबिर आहे असे ऐकले. त्यात वयाची मर्यादा ठेवावी की नाही हे ठरवण्याइतकी मी शिकलेली नाही. माझी विनंती एवढीच आहे की जिला वयामुळे परत पाठवाल तिला आधी विचारा, "कुठे गाठ, जखम, रक्त, असं काही आहे का?" आणि जी हो म्हणेल तिला आत डॉक्टरांकडे पाठवा. जी नाही म्हणेल तिलाही सांगा की हा आजार या वयातही होतो, पुढे काही दिसले तर लगेच ये. हे सांगायला टेबलावरच्या मुलाला वेळ नसेल तर टेबलाशेजारी मला बसू द्यावे. मी रिक्षाने येईन आणि शेवटची बाई जाईपर्यंत थांबेन.

हे काम जमण्यासारखे आहे, असे मला वाटते. नोव्हेंबरपासून मी आमच्या वाडीतल्या वयस्कर बायकांच्या घरी जाऊन हाच प्रश्न विचारत आहे. बहुतेकींनी नाही म्हटले, चहा दिला. यमुनाबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, मिसरी लावतात. त्या म्हणाल्या, गालाला आतून काहीतरी झालंय, तिखट सोसत नाही. त्यांना मी रत्नागिरीला घेऊन गेले. वेळेत सापडले, शस्त्रक्रिया झाली. आता त्या मऊ भात खातात आणि मला भेटल्या की तोंडावर हात ठेवून बोलतात. येसूबाईंनी मात्र मला दारातूनच परत पाठवले. "तुझी नोकरी सुटली ना आता? मग तू कोण विचारणारी?" म्हणाल्या. त्यांचे बरोबर आहे. माझ्याकडे आता कोणताही अधिकार नाही. म्हणून आपल्या सहीचे परवानगीपत्र मिळावे, ही आणखी एक विनंती.

शेवटचे एक सांगायचे राहिले. या अर्जाचे उत्तर कृपया माझ्याच पत्त्यावर पाठवावे. मागच्या वेळी आपल्या कार्यालयाने एक प्रत भाटकरांच्या घरीही पाठवली होती. शिवादादांना अलीकडे काही आठवत नाही. त्यांनी ते पाकीट उघडले नाही, मलाही उघडू दिले नाही. "तिला तपासायला बोलावलं असेल," म्हणाले, "बाजारातनं आली की देतो."

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
रहिमा सुलेमान मुकादम
मु. तिवरबंदर, ता. जि. रत्नागिरी
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची, माझ्या आधीच्या अर्जाची व त्यावरील उत्तराची प्रत.