पाणी आणि माती एकदमच आली तर

तीर्थरूप मामांना,
साष्टांग नमस्कार (डावा गुडघा सोलवटलाय, म्हणून तूर्त खुर्चीतूनच). खोकला कसा आहे? औषध तुम्ही कुंडीत ओतता, अशी मामीची तक्रार आली आहे.

गुडघ्याची हकिगत अशी. आमच्या कारखान्यातले काँक्रीटचे पाइप तुम्हाला ठाऊकच आहेत (मामीसाठी सांगते: पाइपाभोवती ताणलेली तार गुंडाळतात, ती त्याला सतत आवळून धरते, म्हणून आतल्या पाण्याच्या दाबाने तडा जात नाही). मागच्या आठवड्यात नव्या तपासनीस बाई आल्या. पाइप पाण्याचा दाब सोसतो, वरच्या मातीचं आणि ट्रकचं ओझंही सोसतो, हे त्यांना मान्य होतं. "पण दोन्ही एकदम आलं तर?" एवढंच त्यांनी विचारलं. साहेब हसले. मला मात्र जेवण गोड लागेना. जुनं गणित काढलं. पाण्याचं पान वेगळं, मातीचं वेगळं, दोन्हीकडे पास. दोघांची गाठ कुठेच घातलेली नाही. आता बघा, तारेची बरीचशी पकड पाण्यालाच पुरते. त्यात वरून ओझं आलं की पाइप जरासा चपटा होणार आणि आतून वरची बाजू ताणली जाणार. तिथे आवळून धरायला उरलं काय?

साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, मग करूनच बघू. एका पाइपाची तोंडं बंद करून पाणी भरलं, दाब चढवला, वरून यंत्राने दाबलं. काहीच झालं नाही. साहेब चहा प्यायला निघाले. मी पाणी सोडून दिलं आणि बॅटरी घेऊन आत रांगत गेले (गुडघा इथे कामी आला). ओझं उतरल्यावर तडा मिटला होता, बाकीची भिंत सुकत आली होती, पण डोक्यावर केसाएवढी ओली रेष लांबवर गेली होती. साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः शिरले आणि पोटापाशी अडकले. तपासनीस बाई आणि मी एकेक पाय धरून ओढत होतो, तेव्हा आतून शांत आवाज आला, "आहे. रेष आहे."

शाळेजवळच्या रस्त्याखाली जाणारे चाळीस पाइप साहेबांनी त्याच दुपारी थांबवले.

तुमची भाची

ता.क. जुन्या गणिताखाली सही तुमची आहे. ती अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही, पण सोमवारी मी नाव सांगणार आहे. दोन्ही ओझी एकत्र धरलेलं तिसरं पान तुमच्या कपाटात असेल, तर त्याआधी पाठवा.

ता.क. दुसरा. नसेल तर तुम्हीच या, नवं पान सोबत बसून करू. रागावले नाहीये. फक्त जाणून घ्यायचंय, हा प्रश्न तुम्हाला तेव्हा पडलाच नव्हता, की पडला होता आणि साहेब हसले होते?