‘आ. भिं.’ म्हणजे काय

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (पूर्वी मी ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यावर भागवत असे. हल्ली संक्षेप वापरायचे सोडले आहेत, कारण पुढे येईल.) तुझी शुगर, वहिनींची कंबर आणि लेकीची परीक्षा या तिन्ही गोष्टी आटोक्यात आहेत असं धरून चालतो. इकडे माणसं बरी आहेत. घराबद्दल लिहायलाच बसलो आहे.

आधी माझं गाऱ्हाणं. गेले अडीच महिने रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोक्यावर एक दार आपटत आलं आहे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं, म्हणजे तुमचं, म्हणजे सध्या एकट्या तुझ्या आईचं, माझ्या काकूंचं. ते एकदा आपटून मिटलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. आधी एक धप्प होतं, मग काकू दाराला काहीतरी बोलतात, मग दुसरं धप्प, आणि मग कडी न लागल्याची एक शांतता येते. ती आवाजापेक्षा वाईट, कारण आपण तिसऱ्याची वाट बघत राहतो. सरासरी पाच पडते. माणसाच्या झोपेचा, चहाचा आणि स्वभावाचा यात काय चुथडा होतो ते तुला तिकडे चौदाव्या मजल्यावर कळणार नाही. छापखान्यात त्याचे परिणाम दिसू लागले आहेत. बावीस वर्षं मुद्रितं तपासतो आहे, पण गेल्या महिन्यात एका समारंभाच्या पत्रिकेत ‘माननीय’चं ‘मानवीय’ माझ्या नजरेखालून गेलं. ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांनी मानवीय म्हटल्याबद्दल लेखी हरकत घेतली.

आता तुझं पत्र. येत्या महिनाअखेर काकूंना कायमचं तिकडे न्यायचं आणि वरच्या मजल्याला कुलूप घालायचं, असं तू ठरवलं आहेस. कारण त्या फोनवर रोज सांगतात की घर सरकतंय. जेवायच्या खोलीत गोळी हातातून पडली की घरंगळत नेमकी मधोमध जाऊन थांबते, कपाटाचं दार आपोआप उघडतं, असंही सांगतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘घर हलत असल्याचा भास’ असं लिहून दिलं, ते तू मला चिठ्ठीच्या फोटोवरून फोनवर वाचून दाखवलंस. दाखवायची गरज नव्हती, त्यांना डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी काकूंऐवजी मला विचारलं (म्हातारं माणूस समोर असलं की प्रश्न नेहमी शेजारच्या खुर्चीला विचारतात), आणि मी म्हणालो, “हल्ली यांना असं वाटायला लागलंय.”  परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, “वाटायला लागलंय, हा शब्द छान निवडलास.”

दार मिटलं की काकूंचं मनही ठिकाणावर येईल आणि माझी झोपही, असा दुहेरी विचार करून मी सुतार आणला. त्याने दार उतरवून वरून रंधा मारला. चार दिवस मिटलं. पुन्हा घासायला लागलं, पुन्हा रंधा. तिसऱ्या खेपेला त्याने दार भिंतीला टेकवलं, चौकटीत काटकोन बघायचा गुण्या धरला आणि म्हणाला, “साहेब, दार सरळ आहे. चौकट वाकडी झालीय. म्हणत असाल तर दारही वाकडं करून देतो, पण चौकट काही थांबायची नाही.” सल्ला म्हणून हे मला कौटुंबिक वाटलं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मग आमच्या ओळखीचा गवंडी आणला. चौकटीच्या कोपऱ्यातून एक तडा तिरका वर गेला होता. तो त्याने पाहिला, मग जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग त्याला एक फोन आला. (फोन वाजलेला मी ऐकला नाही.) जिना उतरता उतरता तो म्हणाला की जुनं घर आहे, असं व्हायचंच, आणि गेला तो गेलाच. घर चाळीस वर्षांचं आहे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान.

शेवटी सुतारानेच एका इंजिनीअर बाईंचं नाव सुचवलं. बाई उंचीने बेताच्या, बोलायला त्याहून बेताच्या. त्यांनी न्हाणीघराच्या भिंतीला ओळंबा लावला, बाहेर जेवायच्या खोलीत फरशीवर काचेची एक गोटी सोडली, आणि गोटी जिथे थांबली तिथे खडूने फुली मारली. मग म्हणाल्या, “आता याच्या खाली काय आहे ते बघू.” याच्या खाली, दादा, आमचं जेवणाचं टेबल आहे.

या टेबलाबद्दल मी तुला लिहिलं नव्हतं. जुन्या सामानाच्या दुकानात ते मला आवडलं. शिसवी, आठ माणसांचं. आमच्याकडे माणसं तीन, आणि त्यातली दोन जेवताना बोलत नाहीत, पण आवडलं. आणलं, तर ते खोलीत मावेना. टेबल परत करणं हा एक मार्ग होता. दुसरा, बैठकीची खोली आणि मागची लहान खोली यांच्यामधली भिंत काढणं. बायको म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा. मी म्हणालो, विचारायचं काय, नकाशा आहे. काका स्वतः आरेखक, घराचा नकाशा त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला, आणि मराठीवर प्रेम इतकं की सगळ्या खुणा मराठीत. त्या भिंतीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं ‘आ. भिं.’. मी त्याच ओळखीच्या गवंड्याला समजावलं की आ. भिं. म्हणजे आडोशाची भिंत. नुसता आडोसा, ओझं नाही. तो म्हणाला, तुम्ही शिकलेले आहात. चार दिवसांत भिंत गेली, दोन दिवसांत गिलावा आणि रंग झाला. काकू तेव्हा तीन आठवडे तुझ्याकडे होत्या. परत आल्या त्या बाहेरच्या जिन्याने थेट वर. गुडघ्यांमुळे त्या खाली आमच्याकडे येत नाहीत हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

बाई टेबलाशी उभ्या राहिल्या, छताकडे बघितलं आणि विचारलं, “इथे भिंत होती?” मी म्हणालो, होती, पण आडोशाची. नकाशाही दाखवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, “असेल. मग वरच्या न्हाणीघराची भिंत कशावर उभी होती?”

यानंतर त्यांनी जे समजावलं ते तुला ठाऊक असेल, शेवटी तू आरेखकाचा मुलगा. मला बावन्नाव्या वर्षी कळलं. छत आपलं ओझं तुळईला देतं, तुळई भिंतीला किंवा खांबाला, भिंत पायाला आणि पाया जमिनीला. प्रत्येकाने वरून येईल ते घ्यायचं, त्यात आपलं घालायचं आणि खाली सरकवायचं. (आमच्या छापखान्यात हेच चालतं. तिथे जमिनीच्या जागी मी आहे.) दाराच्या डोक्यावर एक आडवी लिंटेल असते. ती वरचं ओझं दाराच्या दोन्ही बाजूंना वळवते, म्हणून दाराला वाटतं की आपण कुणाचं काही लागत नाही. उघडणं आणि मिटणं एवढंच त्याचं काम. त्याच्या अंगावर ओझं आलं की ते आधी मिटायचं सोडतं. म्हणजे घरात काय बिघडलंय ते सगळ्यात आधी दार सांगतं, आणि आपण रंधा आणतो. आमची भिंत गेल्यावर तिच्या डोक्यावरचं छत मधोमध बोटभर खाली आलं, त्यावरची भिंत त्याच्याबरोबर आली, तिच्यातली चौकट तिरपी झाली, आणि माझी झोप गेली. या ओळीत सगळ्यात वरच्या टोकाला मी आहे आणि सगळ्यात खालच्या टोकालाही मीच आहे. बांधकामात हे क्वचित घडतं असं बाई म्हणाल्या.

नकाशा घेऊन वर गेलो. काकूंनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला.

“आडोसा? यांनी आडोसा कधी लिहिलाच नाही. आडोसा म्हणजे गोठ्याला लावतात ते, म्हणायचे. घरात असते ती पडदी. हे बघ, स्वयंपाकघरात. प. भिं. पडदीची भिंत.”

“मला ती पश्चिमेची वाटली.”

“ती पूर्वेला आहे रे.”

“हो.”

“आणि आ. म्हणजे आधाराची.” त्यांनी कागदाची घडी घातली. “म्हणजे घर सरकत होतं.”

“हो.”

“मग माझ्या डोक्याला काय झालंय?”

“काही नाही, काकू.”

“ते मला कशाला सांगतोस. मला ठाऊकच होतं.”

सध्या आमच्या बैठकीत अकरा लोखंडी टेकू उभे आहेत. पुढच्या आठवड्यात भिंतीच्या जागी गर्डर बसेल, दोन्ही टोकांना खांब येतील, आणि छत जमेल तेवढं वर उचलून मग काकूंची चौकट नवी बसवायची आहे. तोवर त्यांच्या न्हाणीघराला कुलूप आहे आणि त्या दिवसातून चार वेळा जिना उतरून आमचं वापरतात. येता-जाता टेकू मोजतात. काल बायकोला म्हणाल्या की याच्या लग्नाच्या मांडवालाही एवढे खांब नव्हते. सुतार परत येऊन गेला, टेबल बघितलं आणि सांगितलं की ते शिसवी नाही, पॉलिश आहे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा चुलतभाऊ

ताजा कलम : वरचं सगळं कदाचित भराभर वाचलं असशील, म्हणून सरळ लिहितो. काकूंना नेऊ नकोस. न्यायचंच असेल तर त्यांना विचारून ने, आणि त्यांना यायचं असेल म्हणून ने. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही या कारणासाठी नको, कारण गेले अडीच महिने या दोन मजल्यांवर तेवढं एकच डोकं ठिकाणावर होतं. हे लिहायला त्यांनी सांगितलेलं नाही. त्या तुझ्यासमोर भांडणारही नाहीत, मुकाट्याने पिशवी भरतील, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आणखी एक : दाराच्या आवाजाबद्दल मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेतो. कुलूप लावल्यापासून सकाळी कसलाच आवाज येत नाही, आणि मी सहाला जागा होऊन काकू उठल्या की नाही याचा कानोसा घेत पडतो. हे पहिल्यापेक्षा त्रासाचं आहे.

शेवटचं : आज छापखान्यात उशिरा गेलो. आधी डॉक्टरांकडे रांगेत बसलो. माझी पाळी आल्यावर त्यांनी काय होतंय विचारलं. मला काही होत नाही म्हणालो, आणि त्या दिवशी काकूंबद्दल मी सांगितलं ते चूक होतं, घर खरंच हलत होतं, मीच हलवलं होतं, एवढं सांगितलं. त्यांनी इंजिनीअर बाईंचा कागद दोनदा वाचला. मग जुनी चिठ्ठी मागून घेतली, ‘असल्याचा भास’ हे दोन शब्द खोडले, तिथे ‘होते’ लिहिलं आणि बाजूला सही करून तारीख घातली. चिठ्ठी काकूंना दाखवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली आणि तुला पाठवायला सांगितली. सोबत जोडली आहे.