उंबरा न ओलांडता उतरण्याची सोय

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (विमानं ठेवायच्या हँगरमध्ये आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा पंखाखाली उभ्यानेच घातला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? मागल्या पत्रात जिन्याला भरपूर शिव्या होत्या, त्यावरून प्रकृती ठणठणीत असावी. मी बरी आहे. बाबा बरे आहेत की नाहीत, याचाच हा अहवाल समज.

लोकांची विमानं तपासून ती उडायला लायक आहेत की नाहीत, असं लिहून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. गेल्या महिन्यात बाबांनी माझ्यापुढे रीतसर अर्ज ठेवला : त्यांच्या जुन्या दोन आसनी विमानाची चाकं काढून खाली पाण्यावर तरंगणाऱ्या दोन होड्या (आम्ही त्यांना फ्लोट म्हणतो) बसवता येतील का, ते तपासून सांगावं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कौटुंबिक’. आजीच्या शिवणयंत्रावरून तुम्हा बहीणभावांचं वाजलं, यंत्र बाबा घेऊन आले आणि येताना ‘तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही’ असं बोलून बसले, त्याला अकरा वर्षं झाली. तुझ्या घरामागे तळं आहे, तळ्याला धक्का आहे आणि धक्क्यावरून थेट व्हरांड्यात येता येतं, वाटेत उंबरा लागत नाही, हे त्यांना आता सुचलं. मोटारीने येऊन मागे वळसा घातला तरी लागत नाही, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर, “मागच्या बाजूने चोर येतात,” एवढंच उत्तर मिळालं.

आधी गंज पाहिला. पाण्यावर राहणाऱ्या विमानाला तो पहिला खातो, म्हणून आरसा आणि विजेरी घेऊन मी शेपटीपर्यंत शिरले. फ्लोटचा भार ज्या जोडांवर येतो तिथला पत्रा धडधाकट निघाला (एक जुनं घरटं सोडलं तर). केसांत काड्या घेऊन बाहेर आले, तर बाबा आसनात डोळे मिटून बसलेले, हात विमान वळवायच्या दांड्यावर. “हळू बोल,” ते म्हणाले, “उतरतोय.” मग मीही शेजारी बसले. धुरकट काचेतून दुपारचं ऊन आमच्या मांडीवर आलं होतं. ते सांगत होते : सकाळ आहे, वारा पडलाय, तळं इतकं नितळ की ढग वर आहेत की खाली ते कळत नाही. मागे पांढरी रेघ उमटते आणि मिटते. मग इंजिन बंद करायचं आणि नुसतं तरंगत धक्क्याशी जायचं. धक्क्यावर तू, कमरेवर हात ठेवून. खरं सांगते आत्या, हँगरची फरशी माझ्याही पायाखाली डुलली. (तपासनिसाने डुलायचं नसतं.) शेजारचा मेकॅनिक पाना मागायला आला आणि आमच्याकडे बघून पाय न वाजवता परत गेला.

मग वजन. तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. फ्लोट धरून, पेट्रोल धरून, बाबा धरून गणित जेमतेम बसलं. तेवढ्यात बाबांनी आसनामागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि काटे पुढे सरकले. आजीचं शिवणयंत्र, लोखंडी स्टँडसकट. मर्यादेपेक्षा अकरा किलो जास्त झाले. बाबांनी शेजारचं आसन काढलं, गालिचा काढला, बूट काढले, शेवटी कवळी काढून खिशात ठेवली. (खिशातल्या कवळीचं वजन कुठे जातं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.) तरी दोन किलो जास्तच.

आणि वजन जमलं असतं तरी खरी गोम वेगळीच आहे. इंजिन लहान. इथल्या नदीवर वारा असतो, पाणी हलतं, तिथून ते कसंबसं उठेल. तुझं तळं आखूड आणि निवांत, आणि गुळगुळीत पाणी फ्लोटला धरून ठेवतं. बाबांच्या मनातली ती सकाळ जितकी सुंदर, तितकं तिथून निघणं कठीण. मी अहवालात लिहिलं : ‘उतरेल, पण पुन्हा उठणार नाही. बदलास अयोग्य.’ बाबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “मग अडचण काय आहे?”

मला रडू आलं आत्या. सही मात्र केली.

जिन्यावरून जपून उतर.

तुझी, केसांत अजून काड्या असलेली
भाची

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझ्या पुढच्या दाराचा उंबरा काढून टाकता येईल का? सुतार म्हणतो, अर्ध्या दिवसाचं काम. उंबराच नसला तर बाबांचा शब्दही राहील. मी त्यांना मोटारीने आणते. मोटारीला शिवणयंत्र झेपतं, मी वजन करून पाहिलंय. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर राहिलं ही चूक माझी. खाली बाबांच्या अक्षरात आहे ते जसंच्या तसं पाठवते : ‘उंबरा काढायची गरज नाही. यंत्र जड आहे. ते दोन्ही हातांनी उचलून आत नेताना आपला पाय कुठे पडतो, ते माणसाला दिसत नाही.’